यूएसबी-सीवरून टीव्ही, मॉनिटर आणि प्रोजेक्टरवर व्हिडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइल किंवा लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमधून मोठ्या पडद्यावर चित्र आणायचं, तर चार गोष्टी एका ओळीत जुळाव्या लागतात: चित्र पाठवणारं उपकरण, केबल, अडॅप्टर आणि पडदा. यातली एक जरी कमी पडली तरी पडदा काळाच राहतो. लोकांचे पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा पहिली गोष्ट न तपासता थेट तिसरी विकत आणल्यामुळे. म्हणून सुरुवात उपकरणापासून.

माझ्या फोनला यूएसबी-सी आहे. अडॅप्टर आणला की टीव्हीवर चित्र येईल ना?

येईलच असं नाही. टाइप-सी हा फक्त खाचेचा आकार आहे. त्यात २४ पिना असतात. त्यांतल्या कोणत्या आतल्या सर्किटला खरोखर जोडायच्या हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. चित्रासाठी लागते ती सोय म्हणजे डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड. ही पद्धत २०१४ मध्ये जाहीर झाली. तिच्यात पोर्टमधल्या चार वेगवान लेनपैकी (लेन म्हणजे डेटा नेणाऱ्या तारांची जोडी) दोन किंवा चारही लेन चित्र वाहून नेतात. ज्या फोनमध्ये या लेन जोडलेल्याच नाहीत, त्याला कितीही महागडा अडॅप्टर लावला तरी चित्र बाहेर पडणार नाही.

बजेट आणि मधल्या किमतीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पोर्ट यूएसबी २.० चं असतं: चार्जिंग आणि फाइली, एवढंच. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचं केलं, पण ती सक्ती चार्जिंगपुरती आहे. व्हिडिओचा त्यात काही संबंध नाही.

ही सोय असलेले ओळखीचे फोन: सॅमसंग गॅलेक्सी एस मालिकेतले २०१७ च्या एस८ पासून पुढचे, गॅलेक्सी फोल्ड, वनप्लस ७ प्रो आणि त्यानंतरचे बरेचसे वरच्या श्रेणीतले वनप्लस, आयफोन १५ आणि त्यापुढचे. गूगल पिक्सेल ८ ची गोष्ट वेगळी आहे. त्यात सर्किट आधीपासून होतं, पण ते बंद ठेवलेलं होतं. २०२४ च्या अपडेटने ते सुरू झालं. असा अपवाद क्वचितच घडतो, त्यामुळे अपडेटच्या आशेवर अडॅप्टर घेऊन ठेवू नका.

पैसे घालवण्याआधी खात्री कशी करायची?

कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या नेमक्या मॉडेलची माहिती उघडा. नाव जवळपास सारखं असलेलं दुसरं मॉडेल चालणार नाही; एकाच मालिकेत एकाला सोय असते आणि दुसऱ्याला नसते. तिथे डिस्प्लेपोर्ट, व्हिडिओ आउटपुट किंवा सॅमसंगच्या बाबतीत वायर्ड डेक्स (केबलने पडद्याला जोडून फोन संगणकासारखा वापरण्याची सोय) असे शब्द शोधा. नुसतं 'यूएसबी २.०' लिहिलेलं असेल तर अँड्रॉइड फोनमध्ये चित्राची शक्यता जवळपास नसते.

ॲपलच्या काही उपकरणांना हा नियम लागू पडत नाही. साधा आयफोन १५ आणि दहाव्या पिढीचा आयपॅड फाइली यूएसबी २.० च्याच वेगाने पाठवतात, तरी चित्र देतात. यूएसबी २.० च्या तारा पोर्टमध्ये वेगळ्या असतात, आणि या उपकरणांत वेगवान लेन चित्रासाठी जोडलेल्या आहेत.

पेनड्राइव्ह चालतो, ओटीजी चालतं, फास्ट चार्जिंग होतं, यातल्या कशावरूनही व्हिडिओची सोय सिद्ध होत नाही. प्ले स्टोअरवर 'एचडीएमआय कनेक्टर' अशा नावाची ॲप दिसतात. ती नसलेल्या तारा निर्माण करू शकत नाहीत, उगाच जाहिराती दाखवत राहतात. खरी चाचणी एकच: दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर चालणारा अडॅप्टर थोडा वेळ मागून आणा आणि आपल्या फोनला लावून पाहा.

लॅपटॉपच्या पोर्टवरून ओळखता येतं का?

बऱ्याचदा येतं. पोर्टशेजारी 'डीपी' अक्षरांचं चिन्ह असेल तर डिस्प्लेपोर्ट आहे. विजेच्या बाणाचं चिन्ह थंडरबोल्ट या वेगवान जोडणीचं. थंडरबोल्ट ३ किंवा ४ असेल तर चित्र निघतं. मात्र बॅटरीच्या आकृतीत दाखवलेला बाण किंवा प्लगचं चिन्ह फक्त चार्जिंगबद्दल सांगतं. यूएसबीच्या त्रिशूळाशेजारी १० लिहिलेलं असेल तर तो डेटाचा वेग झाला. त्यावरून चित्राचं काही कळत नाही. दोन टाइप-सी पोर्ट असलेल्या लॅपटॉपमध्ये एकच चित्र देतं असंही होतं, म्हणून दोन्ही वापरून पाहा.

डेस्कटॉपचं कोडं निराळं. मदरबोर्डवरच्या टाइप-सीतून चित्र निघत असलं तरी ते बहुधा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडून येतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात ग्राफिक्सच नसतं. तिथे ते पोर्ट गप्प राहतं आणि दोष अडॅप्टरवर येतो.

टीव्हीच्या यूएसबी पोर्टला केबल लावली. फोन चार्ज होतो, पण चित्र येत नाही. का?

कारण टीव्हीचं ते पोर्ट पेनड्राइव्ह वाचण्यासाठी आहे. त्यातून बाहेरच्या उपकरणाचं चित्र आत घेता येत नाही. फोनची चार्जिंग केबल त्यात घातली की थोडी वीज मिळते. काही टीव्ही फोनमधले फोटो फाइल म्हणून दाखवतात, पण फोनचा पडदा दिसत नाही. चित्र आत जाणार ते एचडीएमआयच्या पोर्टमधून. म्हणजे यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर, त्यापुढे एचडीएमआय केबल, आणि रिमोटवर तोच एचडीएमआय क्रमांक निवडलेला. हा शेवटचा टप्पा राहून गेल्यामुळे चांगले अडॅप्टर दुकानात परत जातात.

मॉनिटरलाच टाइप-सी आहे. फोनच्या डब्यातली केबल चालेल का?

सहसा नाही. चार्जरसोबत येणाऱ्या बहुतेक केबलींमध्ये विजेच्या आणि यूएसबी २.० च्या ताराच असतात, वेगवान लेनच्या जोड्या नसतात. आयफोन १५ सोबतची केबलही अशीच आहे. अशी केबल १०० वॉटची असली तरी फरक पडत नाही. वॉट आणि चित्र यांचा एकमेकांशी संबंध नाही.

घेताना केबलवर किंवा डब्यावर १० किंवा २० गिगाबिट, यूएसबी४, अथवा थंडरबोल्ट ४ लिहिलेलं पाहा. साधी १० गिगाबिटची केबल १ मीटरपर्यंतच घ्यावी. २ मीटर हवी असेल तर थंडरबोल्ट ४ ची प्रमाणित केबल महाग असली तरी भरवशाची. टाइप-सीची एक्स्टेन्शन केबल मात्र टाळा. ती मूळ प्रमाणात बसतच नाही, आणि बऱ्याच तक्रारी तिथूनच सुरू होतात.

अडॅप्टरवर '४के' लिहिलं आहे, पण लॅपटॉप ३० हर्ट्झच दाखवतो. फसवणूक झाली का?

बहुधा अर्धवट माहिती मिळाली आहे. अडॅप्टरच्या आत एक चिप असते. ती डिस्प्लेपोर्टचा सिग्नल घेते आणि त्याचा एचडीएमआय करते. ती चिप एचडीएमआय १.४ ची असेल तर ४के ला ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, ही तिची मर्यादा. ६० हर्ट्झ हवे तर चिप एचडीएमआय २.० ची लागते, तिची क्षमता १८ गिगाबिट. म्हणून डब्यावर '४के @ ६० हर्ट्झ' असं स्पष्ट छापलेलं हवं. नुसतं '४के' वाचलं की ३० समजून चाला.

हबमध्ये, म्हणजे एका टाइप-सीतून अनेक पोर्ट देणाऱ्या अडॅप्टरमध्ये, अडचण आणखी खोल असते, आणि ती नीट कोणी सांगत नाही. ४के ६० हर्ट्झच्या साध्या ८ बिट चित्राला सेकंदाला सुमारे १२.५ गिगाबिट लागतात. हबवर वेगवान यूएसबी पोर्टही असतील तर चारपैकी दोन लेन त्यांना जातात आणि चित्राला दोनच उरतात. लॅपटॉप डिस्प्लेपोर्ट १.२ चा असेल तर दोन लेनवर प्रत्यक्ष ८.६४ गिगाबिट मिळतात, म्हणून चित्र ३० हर्ट्झवर अडकतं. डिस्प्लेपोर्ट १.४ चा असेल तर त्याच दोन लेनवर १२.९६ मिळतात आणि ६० हर्ट्झ जेमतेम बसतात, पण हबची चिपही डिस्प्लेपोर्ट १.४ ची हवी. काही हब चारही लेन चित्राला देतात. तिथे ६० हर्ट्झ मिळतात, मात्र हबवरचा पेनड्राइव्ह यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिटवर उतरतो. तोच हब एका लॅपटॉपवर ६० आणि दुसऱ्यावर ३० देतो, त्याचं कारण हे.

आता ३० हर्ट्झ खरोखर कुठे नडतात ते पाहा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, त्यामुळे तो पाहताना काही हरवत नाही. माऊस फिरवताना, मजकूर सरकवताना आणि सामना पाहताना मात्र धक्के जाणवतात. भारतात टीव्ही प्रक्षेपण ५० हर्ट्झ पद्धतीचं आहे. क्रिकेटचं थेट चित्रण सेकंदाला ५० चित्रांचं मिळत असेल तर लॅपटॉपचा डिस्प्ले ५० हर्ट्झवर ठेवून पाहा. सीमारेषेकडे धावणाऱ्या चेंडूमागे कॅमेरा फिरतो तेव्हा फरक लगेच कळतो. सिनेमासाठी तसंच २४ हर्ट्झ निवडता येतं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असा मार्ग आहे.

टीव्हीकडूनही अडवणूक होते. एचडीएमआय पोर्टची पूर्ण क्षमता अनेक टीव्हींवर आपण सुरू करावी लागते: सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीवर 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीवर 'एन्हान्स्ड' फॉरमॅट. जुन्या ४के टीव्हींवर एखाद-दुसरं पोर्टच ६० हर्ट्झ घेतं.

आवाज येतो, पण एखाद्या ओटीटी ॲपमध्ये चित्र काळं. बाकी सगळं दिसतं.

ही एचडीसीपीची, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची, अडचण. संरक्षित चित्रपट दाखवण्याआधी उपकरण आणि पडदा एकमेकांची ओळख पटवतात, आणि मधला अडॅप्टरही या व्यवहारात सामील असावा लागतो. ४के साठी बहुधा एचडीसीपी २.२ लागतं. जुना अडॅप्टर, जुना टीव्ही किंवा मध्ये जोडलेला स्वस्त स्प्लिटर, कोणीही ही साखळी तोडू शकतो. आधी मधली सगळी उपकरणं काढून टीव्हीला थेट जोडा. तरीही काळंच राहिलं तर टीव्हीमधलं तेच ॲप वापरणं सरळ. व्हीजीए या जुन्या कनेक्टरला एचडीसीपी नसतं, त्यामुळे तो असलेल्या प्रोजेक्टरवर असे कार्यक्रम बहुधा चालतच नाहीत.

चित्र मधूनच एक-दोन सेकंद जातं आणि परत येतं.

आधी रिझोल्यूशन किंवा हर्ट्झ कमी करा: ४के ६० असेल तर ४के ३०, किंवा १०८०पी. त्याने झटके थांबले तर सिग्नल काठावर चालला होता आणि दोष केबलमध्ये आहे, बहुधा एचडीएमआयच्या केबलमध्ये. १८ गिगाबिटसाठी 'प्रीमियम हाय स्पीड', ४८ गिगाबिटसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड' असं प्रमाणपत्राचं लेबल असतं. केबलीवर छापलेल्या '८के' ला त्या लेबलाशिवाय किंमत देऊ नका.

हर्ट्झ कमी करूनही झटके येत असतील तर वीज आणि खाच तपासा. फोनचं जाड कव्हर प्लगला पूर्ण आत जाऊ देत नाही. ते काढून पाहा. खिशातला कापसाचा बारीक लगदा टाइप-सीच्या तळाशी दाबून बसतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हलक्या हाताने काढा, धातूची पिन वापरू नका. प्लग बसताना हलकी 'टक्' जाणवली पाहिजे. अडॅप्टर कोमट लागणं स्वाभाविक आहे. हात ठेववत नाही इतका तापत असेल आणि अर्ध्या तासाने चित्र जात असेल, तर तो बदला.

कडा कापल्या जातात आणि रंग फिकट दिसतात.

कडा टीव्ही कापतो. त्याच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा '१:१' निवडा. रंगांचं कारण वेगळं: संगणक ० ते २५५ असे टप्पे पाठवतो, टीव्ही १६ ते २३५ ची अपेक्षा धरतो. एक बाजू 'फुल' आणि दुसरी 'लिमिटेड' राहिली की काळा रंग राखाडी होतो, किंवा उलट सावल्यांमधला तपशील गिळला जातो. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आणि टीव्हीच्या 'ब्लॅक लेव्हल'मध्ये दोन्हीकडे एकच पर्याय ठेवा.

चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपवर?

विंडोजमध्ये टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट म्हणून टीव्हीचं नाव निवडा. चित्रच नीट विभागलं नसेल तर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबा.

शाळेतला किंवा सभागृहातला जुना प्रोजेक्टर व्हीजीएचा आहे. त्याला कसं जोडायचं?

यूएसबी-सी ते व्हीजीए अडॅप्टरने. फोन किंवा लॅपटॉप डिस्प्लेपोर्ट देणारा हवा, ही अट इथेही कायम. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत आणि मंगल कार्यालयांत असे प्रोजेक्टर अजून उत्तम चालतात. फक्त कनेक्टर जुना आहे म्हणून ते टाकून देऊ नयेत.

व्हीजीएतून आवाज जात नाही, हे कार्यक्रम सुरू व्हायच्या आत लक्षात घ्या. आवाजासाठी लॅपटॉपच्या ३.५ मिमी जॅकमधून ॲम्प्लिफायरला वेगळी वायर न्यावी लागते. प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्यूशन बहुधा १०२४ × ७६८ असतं, जुन्यांत ८०० × ६००. लॅपटॉपवर तेच ठेवलं तर देवनागरी अक्षरांच्या वेलांट्या आणि अनुस्वार स्वच्छ दिसतात. १९२० × १०८० पाठवून प्रोजेक्टरला ते लहान करायला लावलं तर शेवटच्या बाकावरून वाचता येत नाही.

स्पीकरमधून घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा: लॅपटॉप एका सॉकेटवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्यावर. दोन्ही एकाच बोर्डवर आणा किंवा तेवढा वेळ बॅटरीवर चालवा. चार्जरची तिसरी पिन कापणं हा उपाय नव्हे, त्यात शॉकचा धोका आहे.

प्रोजेक्टर १० मीटर लांब आहे. लांब केबल कुठे घ्यायची?

टाइप-सीची बाजू आखूडच ठेवा आणि अंतर एचडीएमआयने कापा. साधी तांब्याची एचडीएमआय केबल ४के ६० साठी ५ मीटरच्या आत भरवशाची. १०८०पी साठी चांगली केबल १० मीटर सहज जाते. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: 'सोर्स' लिहिलेलं टोक अडॅप्टरकडे, 'डिस्प्ले' लिहिलेलं पडद्याकडे. उलटं लावलं तर काहीच दिसत नाही, आणि केबल छताच्या पाइपातून ओढून झाल्यावर ते कळणं फार त्रासाचं. ओढण्याआधी जमिनीवर जोडून चालवून पाहा.

सिनेमा पाहता पाहता फोन चार्ज करता येईल?

येईल, अडॅप्टरवर चार्जिंगसाठी वेगळं टाइप-सी पोर्ट असेल तर. तीन तासांच्या सिनेमाला ते असलेलं बरं. लॅपटॉपच्या हबवर '१०० वॉट' लिहिलेलं असलं तरी त्यातले १० ते १५ वॉट हब स्वतःसाठी राखून ठेवतो. आधी चार्जर हबला, मग एचडीएमआय, शेवटी लॅपटॉप, हा क्रम पाळा. चार्जर मध्येच लावला किंवा काढला की विजेची बोलणी नव्याने होतात आणि चित्र क्षणभर जातं.

पोर्टेबल मॉनिटर फोनवर उजळून लगेच बंद होत असेल तर फोन त्याला पुरेशी वीज देऊ शकत नाही. मॉनिटरच्या दुसऱ्या टाइप-सी पोर्टला चार्जर लावा.

एका हबवर दोन एचडीएमआय आहेत. मॅकबुकवर दोन्हीकडे एकच चित्र दिसतं.

तो हब एमएसटी पद्धतीचा, म्हणजे एकाच डिस्प्लेपोर्ट सिग्नलमधून अनेक पडदे चालवणारा, आहे. विंडोज त्यावर दोन वेगळे डेस्कटॉप देतं, मॅकओएस देत नाही. शिवाय ॲपलच्या एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा पडदा एकच जोडता येतो. एम३ च्या एअरला दोन, पण झाकण बंद ठेवून. यावर वाट डिस्प्लेलिंकच्या डॉकची. त्यात चित्र यूएसबी डेटा म्हणून जातं आणि ड्रायव्हर टाकावा लागतो. कार्यालयीन कामाला ते छान. मात्र मॅकवर ते पडदा रेकॉर्ड करण्याची परवानगी घेऊन चालतं, म्हणून ओटीटीचे संरक्षित कार्यक्रम त्यावर काळे दिसतात.

सेट-टॉप बॉक्सचं चित्र लॅपटॉपवर किंवा टाइप-सी मॉनिटरवर आणता येईल?

तोच अडॅप्टर उलटा लावून येणार नाही. तो एकाच दिशेने चालतो. मॉनिटरसाठी एचडीएमआय ते यूएसबी-सी असा वेगळा कन्व्हर्टर मिळतो, त्याला बाहेरून वीज द्यावी लागते. लॅपटॉपचं टाइप-सी तर चित्र आत घेतच नाही. त्याला कॅप्चर कार्ड लागतं, आणि सेट-टॉप बॉक्सचे संरक्षित कार्यक्रम कॅप्चर कार्डवरही अडतात.

फोनला व्हिडिओची सोय नाही हे कळलं. आता काय?

नवा फोन घ्यायची गरज नाही. टीव्ही आणि फोन एकाच वाय-फायवर असतील तर कास्ट, किंवा मिराकास्टची स्क्रीन मिररिंग वापरा. स्वतःची फाइल असेल तर पेनड्राइव्ह सगळ्यात भरवशाचा: टीव्हीच्या त्याच यूएसबी पोर्टचा तिथे खरा उपयोग होतो. एफएटी३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, म्हणून टीव्ही वाचत असेल तर एक्सफॅट किंवा एनटीएफएस ठेवा. सबटायटलची एसआरटी फाइल व्हिडिओच्याच नावाने, यूटीएफ-८ मध्ये जतन करा. मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर त्या टीव्हीच्या प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. टीव्हीवर व्हीएलसी टाकता येत असेल तर त्यात पाहा.

दुकानात अडॅप्टर घ्यायला जाताना काय न्यावं?

स्वतःचा फोन किंवा लॅपटॉप, त्याचा चार्जर, आणि घरचीच एचडीएमआय केबल. दुकानातल्या टीव्हीला जोडून किमान दहा मिनिटं व्हिडिओ चालवा, चार्जर लावून आणि काढून पाहा, आणि टीव्हीच्या माहितीपट्टीवर रिझोल्यूशन व हर्ट्झ वाचा. ६० च्या अडॅप्टरवर तिथेही ३० दिसले तर टीव्हीचं दुसरं एचडीएमआय पोर्ट वापरून पाहा, मगच नाही म्हणा. पावती घ्या आणि डबा फेकू नका. चिपची आवृत्ती बहुधा त्या डब्यावरच छापलेली असते.